भरवशाचा प्रवासी कोण ठरवणार?

चिपळूणहून कराडकडे निघाले की कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी अलोरे गाव लागते. कोयना प्रकल्पाचा तिसरा टप्पा येथे आहे. पोफळीला वीज निर्माण करून बाहेर पडणारे पाणी कोळकेवाडी धरणात अडवायचे आणि त्याच पाण्यावर अलोरेत पुन्हा ३२० मेगावॅट वीज काढायची, अशी ही योजना. या प्रकल्पाच्या निमित्ताने महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून माणसे येथे आली. त्यांत आपला समाजही होता. कुणी बोगद्यात राबला, कुणी वीजगृहात हेल्पर झाला, कुणी कारकून झाला. त्यांची मुले वसाहतीच्या शाळांत शिकली आणि आता त्यांची नातवंडे पुण्या-मुंबईत संगणकासमोर बसतात. काहीजण विमानाने सातासमुद्रापार जाऊन येतात. बाबासाहेबांच्या पुण्याईने हे घडले, ते कुणा खोताच्या कृपेने घडलेले नाही, हे अगोदरच सांगून ठेवतो.

अशाच एका घरातला तरुण मध्यंतरी आमच्याकडे आला. पुण्याच्या एका कंपनीत नोकरीला आहे. कामासाठी वर्षातून दोनतीनदा अमेरिकेला जावे लागते. "जयभीम काका," म्हणाला आणि फाईल पुढे ठेवली. "अमेरिकेच्या ग्लोबल एन्ट्रीसाठी अर्ज करतोय. पोलीस पडताळणी अलोरेच्या पत्त्यावर येणार. नंतर मुलाखत आहे. तयारी कशी करू?"

आम्ही म्हटले, "बाबा रे, तू इंजिनीअर. इंग्रजी तुझे चांगले. आम्ही तुला काय शिकवणार?" तो थोडा वेळ गप्प बसला. मग हळूच बोलला, "काका, माझ्यावर एक केस होती. २०१८ च्या बंदमधली. ती सांगायची की नाही?"

त्या एका प्रश्नासाठी हा लेख लिहीत आहोत. कारण हा प्रश्न एकट्या त्या तरुणाचा नाही.

प्रथम ही भानगड काय आहे ते वाचकांना सांगितले पाहिजे. विमानतळावर उतरल्यावर परदेशातील अधिकाऱ्यासमोर लांबलचक रांग लागते. या रांगेतून काही निवडक प्रवाशांना सूट देण्यासाठी अमेरिकेने 'भरवशाचे प्रवासी' अशी एक वेगळी वर्गवारी केली आहे. ज्यांची आधीच कसून चौकशी झाली आहे, बोटांचे ठसे घेतले आहेत, प्रत्यक्ष मुलाखत झाली आहे, त्यांनी यंत्रासमोर उभे राहायचे आणि बाहेर पडायचे. त्यालाच ग्लोबल एन्ट्री म्हणतात. भारतीय नागरिकांना ही वाट २०१७ साली खुली झाली. तिचे पहिले भारतीय सदस्य होते त्या वेळचे अमेरिकेतील भारतीय राजदूत नवतेज सरना. सुरुवात कुठून झाली ते लक्षात घ्या! ऑक्टोबर २०२४ पासून अर्जाची फी १०० डॉलरवरून १२० डॉलर झाली. अर्ज नामंजूर झाला तरी पैसे परत मिळत नाहीत. सदस्यत्व पाच वर्षांचे असते.

आपल्या केंद्र सरकारनेही याच धर्तीवर योजना काढली. २२ जून २०२४ रोजी दिल्ली विमानतळावर तिचे उद्घाटन झाले आणि १६ जानेवारी २०२५ पासून मुंबईसह आणखी सात विमानतळांवर ती सुरू झाली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक यांच्यासाठी ती आहे. तिच्यात मुलाखत नाही. ऑनलाइन अर्ज, पडताळणी, मग बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो. सुरू करताना सरकारने ती विनाशुल्क ठेवली. अर्ध्या मिनिटात इमिग्रेशन उरकते, असे सरकार सांगते.

आता आमचे काही कार्यकर्ते बंधू म्हणतील, 'गावात जयंतीच्या मिरवणुकीच्या मार्गासाठी आमची पोरे पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवतात आणि तुम्ही विमानतळाच्या रांगेचे कौतुक काय सांगता?' त्यांचा राग आम्हाला मान्य आहे. पण थोडे थांबा. 'भरवशाचा' आणि 'बिनभरवशाचा' अशी माणसांची विभागणी या देशात विमानतळ बांधल्यावर सुरू झालेली नाही. ती फार जुनी आहे, आणि आपण कोणत्या रांगेत उभे होतो ते आपल्याला ठाऊक आहे.

इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. जन्माला येताच माणूस गुन्हेगार! त्याने ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, पासाशिवाय गावाची वेस ओलांडायची नाही. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, पण हे लोक ३१ ऑगस्ट १९५२ रोजी त्या कायद्यातून सुटले. ठसे, नोंदवही, पडताळणी आणि परवाना ही सगळी सामग्री तेव्हाही होती. फरक एवढाच की तेव्हा नोंदवहीत नाव असले की माणूस अडकत असे, आज नोंदवहीत नाव असले की फाटक लवकर उघडते. ज्याचे नाव नाही त्याने मागे उभे राहावे.

जुनी गोष्ट कशाला, जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने काय ठरवले होते ते आठवा. दहावीसुद्धा पास नसलेला मजूर आखातात जायला निघाला की त्याच्या पासपोर्टवर ईसीआर असते, म्हणजे त्याला ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना वेगळी परवानगी काढावी लागते. या लोकांच्या पासपोर्टचे वेष्टनच नारिंगी रंगाचे करायचे, असे सरकारने जाहीर केले! बाकीच्यांचा निळा आणि गरीब, अल्पशिक्षित मजुराचा नारिंगी. देशभर टीका झाली आणि त्याच महिन्याच्या अखेरीस हा निर्णय मागे घ्यावा लागला. रंग मागे घेतला, पण तो ज्या डोक्यातून निघाला होता ते डोके मागे घेतले काय, असा आमचा सवाल आहे.

आता मुलाखतीकडे वळू. आपल्या इतिहासातील प्रवाशाची पहिली मुलाखत १९०१ साली मसूर रेल्वे स्टेशनवर झाली. नऊ-दहा वर्षांचा भीमराव भावाबरोबर आणि भाच्यांबरोबर कोरेगावला वडिलांकडे निघाला होता. नवे कपडे, टोप्या, अंगावर टापटीप. स्टेशन मास्तरला वाटले, ही उच्चवर्णीयांची मुले. आपुलकीने चौकशी केली. 'तुम्ही कोण?' मुलाने खरे सांगून टाकले, 'आम्ही महार आहोत.' मास्तरचा चेहराच बदलला! कोणी गाडीवान त्यांना नेईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, मुलांनी स्वतः बैलगाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्री जकात नाक्यावर गाडीवानाच्या सल्ल्यावरून त्या मुलाने आपण मुसलमान असल्याचे सांगितले. तरीही पाण्याचा थेंब मिळाला नाही.

दुसरी मुलाखत १९१७ साली बडोद्यात झाली. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या रजिस्टरमध्ये पारशी नाव लिहून त्यांना आसरा घ्यावा लागला. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक दारात उभे राहिले आणि जाब विचारू लागले, 'तू कोण?' त्याच संध्याकाळी जागा सोडावी लागली.

हे अनुभव बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास स्वतः इंग्रजीत लिहून ठेवले. त्या लिखाणाचे नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. १९९० साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते पुस्तिकारूपाने छापले. नाव पाहा. ज्याने न्यूयॉर्क आणि लंडन पाहिले त्या माणसाला व्हिसाची वाट पाहावी लागली ती स्वतःच्या देशात. परदेशात शिरायला कागद पुरला, पण मायदेशाच्या गाडीत, धर्मशाळेत आणि पाणवठ्यावर शिरायला कोणताही कागद पुरला नाही.

म्हणून तो तरुण 'सांगायचे की नाही' असे विचारतो तेव्हा आम्हाला त्याचा राग येत नाही. खरे सांगितले की दार बंद होते, हा आपल्या समाजाचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव आहे. भाड्याच्या खोलीसाठी आडनाव चोरणारे, कॅन्टीनमध्ये चौदा एप्रिलची सुट्टी कशासाठी घेतली ते टाळणारे आपल्यात आहेत. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण भीती त्यांच्या पोटात कुणी घातली ते अगोदर विचारले पाहिजे.

तरीसुद्धा आम्ही त्या तरुणाला सांगितले की खरे सांग. आणि नुसते खरे सांगू नकोस, कागद घेऊन खरे सांग.

याचे कारण व्यवहाराचे आहे. ग्लोबल एन्ट्रीच्या चौकशीत गुन्हेगारी पार्श्वभूमी पाहतात. शिक्षा झाली असेल किंवा खटला चालू असेल तर अर्ज नाकारला जाऊ शकतो. पण खोटी वा अपुरी माहिती दिली, हे अर्ज नाकारायचे स्वतंत्र कारण आहे. म्हणजे जी केस कदाचित अडथळा ठरलीही नसती, ती लपवली म्हणून हमखास अडथळा ठरते. शिवाय भारतीय नागरिकाची पार्श्वभूमी पडताळणी आपल्याच पासपोर्ट खात्यामार्फत होते आणि ती अखेर पत्त्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत येते. अमेरिकेच्या विमानतळावरचे यंत्र उघडायचे की नाही, याचा एक धागा अलोरे-शिरगाव पोलीस ठाण्याच्या रजिस्टरशी बांधलेला आहे. तेथे जे लिहिले आहे ते तुम्ही विसरलात तरी रजिस्टर विसरत नाही.

मग आम्ही त्याला विचारले, "केसचे पुढे काय झाले?" तो म्हणाला, "सरकारने मागे घेतली ना. पेपरात आले होते." आम्ही कपाळावर हात मारला!

बंधूंनो, येथे आपला समाज फसतो. भीमा कोरेगावच्या घटनेनंतर ३ जानेवारी २०१८ रोजी महाराष्ट्र बंद झाला. ठिकठिकाणी आपल्या तरुणांवर गुन्हे दाखल झाले. पुढे गुन्हे मागे घेण्याच्या घोषणा झाल्या. त्याआधी नामांतराच्या लढ्यातही हेच झाले. पण घोषणा म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे! सरकारला खटला मागे घ्यायचा असेल तर सरकारी वकिलाने कोर्टात अर्ज करावा लागतो आणि कोर्टाने संमती द्यावी लागते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ मध्ये ही तरतूद होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये आहे. मंत्र्याने सभेत सांगितले, पेपरात चौकट आली, हार-तुरे झाले, पण कोर्टात अर्जच गेला नाही, तर खटला कागदावर जिवंत राहतो. आणि ज्या दिवशी पोरगा पासपोर्ट काढायला जातो त्या दिवशी तो खटला त्याच्यासमोर उभा राहतो.

त्या तरुणाला आम्ही कोर्टात पाठवले. आधी ई-कोर्टच्या संकेतस्थळावर नाव टाकून पाहिले. नंतर वकिलामार्फत रेकॉर्ड काढले. नशीब चांगले, कोर्टाने खटला मागे घेण्यास संमती दिली होती. पण त्या हुकमाची नक्कल एकाही आरोपीने काढलेली नव्हती! बरोबरीच्या सगळ्या मुलांना वाटत होते की विषय संपला. त्याने आपली प्रमाणित नक्कल काढली. इंग्रजी भाषांतर करून नोटरी केले. आता तो कागद त्याच्या फाईलीत सगळ्यात वर आहे.

दुसरा घोळ निघाला नावाचा. आजोबांच्या कागदावर एक आडनाव, वडिलांनी वसाहतीत आल्यावर लावलेले दुसरे, आणि याच्या शाळेच्या दाखल्यावर पहिले पण आधारवर दुसरे. हा आपल्या घराघरातला प्रकार आहे. जातीचा वास येणारे आडनाव टाकले, गावावरून नवे घेतले, धम्मदीक्षेनंतर मुलांची नावे बदलली. यात लाजण्यासारखे काही नाही. बाबासाहेबांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे, आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये नोंद झाली ती भिवा रामजी आंबेडकर अशी. पण पडताळणी करणाऱ्या यंत्राला हा इतिहास माहीत नसतो. त्याला दोन नावे म्हणजे दोन माणसे वाटतात, किंवा एकच माणूस काहीतरी लपवतो आहे असे वाटते. म्हणून पूर्वी वापरलेली नावे अर्जात लिहावीत, आणि नाव बदलले असेल तर राजपत्रातील नोंदीची प्रत जवळ ठेवावी.

उरलेली तयारी साधी आहे, पण नेमकी करावी लागते. गेल्या पाच वर्षांत कुठे राहिलो, कुठे नोकरी केली, कोणकोणत्या देशांत गेलो, याची तारीखवार यादी करावी. अर्जात लिहिले एक आणि तोंडाने सांगितले दुसरे, असे होता कामा नये. मुलाखतीला पासपोर्ट, अर्ज सशर्त मंजूर झाल्याचे पत्र आणि राहत्या पत्त्याचा पुरावा न्यावा. मुलाखत बहुधा थोडक्यात आटोपते. विचारले तेवढेच सांगावे, पण विचारले ते पूर्ण सांगावे. ही मुलाखत अमेरिकेच्या विमानतळावर उतरल्यावरही देता येते, त्यासाठी वेगळी खेप करावी लागतेच असे नाही.

कोकणी माणसासाठी आणखी एक सूचना. आई निघताना बॅगेत सुकट, आंबे, लोणचे कोंबते. तिची माया मोठी, पण अमेरिकेचे कस्टम माया ओळखत नाही. खाण्याचा प्रत्येक पदार्थ तेथे जाहीर करावा लागतो. न सांगता नेलेला पदार्थ सापडला तर दंड होऊ शकतो आणि भरवशाच्या यादीतून नाव कायमचे जाऊ शकते. जाहीर केला आणि त्यांनी काढून घेतला, तर फक्त पदार्थ जातो, नाव राहते. इथेही सूत्र तेच. लपवू नका.

आणि एवढे करूनही अर्ज नाकारला तर? नाकारू शकतात. हा हक्क नाही, सवलत आहे, असे ते सरळ सांगतात. फेरविचारासाठी कागदपत्रांसह दाद मागता येते. ती मागावी. नाकारले म्हणून तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. नेहमीच्या रांगेत उभे राहून प्रवास करता येतो. या जगात कोट्यवधी प्रामाणिक माणसे त्याच रांगेत उभी असतात.

पण ज्यांचे खटले खरोखरच प्रलंबित आहेत त्यांचे काय? त्यांच्यापुढे वेगवान रांगेचा प्रश्नच नाही, त्यांना मुळात पासपोर्टसाठीच झगडावे लागते. पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम ६ मधील तरतुदीनुसार फौजदारी कोर्टात खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. मात्र २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेने त्यात वाट ठेवली आहे. ज्या कोर्टात खटला आहे त्या कोर्टाची परवानगी आणली तर पासपोर्ट मिळू शकतो. कोर्टाने मुदत लिहिली नसेल तर तो साधारण एका वर्षापुरताच मिळतो. म्हणून वकिलाला सांगून अर्जातच मुदतीची स्पष्ट मागणी करावी. आणि केस लपवून पासपोर्ट काढण्याच्या फंदात पडू नये. पासपोर्टसाठी जाणूनबुजून खोटी माहिती देणे हा त्याच कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. आंदोलनाची केस मानाची असते, खोट्या अर्जाची केस मानाची नसते.

राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आपल्या मुलांसाठी आहे. बाबासाहेब १९१३ साली सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले, त्याच वाटेने जाण्याची संधी आज अनेकांना मिळते. अशा वेळी गुणपत्रिका हातात, विद्यापीठाचे पत्र हातात आणि पासपोर्ट मात्र जुन्या मोर्चाच्या केसमध्ये अडकलेला, ही पाळी कुणावर येऊ नये. चळवळीसाठी रस्त्यावर उतरलेल्या पोराला चळवळीने रस्त्यावर सोडता कामा नये!

म्हणून आमची संघटनांना कळकळीची विनंती आहे. प्रत्येक तालुक्यात एक यादी करा. कोणत्या आंदोलनात कुणावर गुन्हा झाला, गुन्हा क्रमांक काय, खटला कुठल्या कोर्टात, आज स्थिती काय. आपल्या वकील बंधू-भगिनींनी एक रविवार द्यावा आणि हुकमांच्या नकला काढून घराघरात पोचवाव्यात. ज्या खटल्यांची घोषणा झाली पण कोर्टात अर्ज गेला नाही, त्यांची यादी लोकप्रतिनिधींच्या टेबलावर ठेवा आणि उत्तर घ्या. चिपळूणला १९२९ साली बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा परिषद भरली, त्या तालुक्याने यात पहिले पाऊल टाकले तर शोभून दिसेल. जयंतीच्या वर्गणीतला थोडा भाग या कामाला लागला तर डीजेचा एक तास कमी होईल, दुसरे काही बिघडणार नाही.

त्या तरुणाची मुलाखत अजून व्हायची आहे. जाताना त्याने पुन्हा विचारले, "काका, त्याने विचारले की ती केस कशाची होती, तर काय सांगू?" आम्ही म्हटले, "सांग, माझ्या समाजावर अन्याय झाला म्हणून मी रस्त्यावर आलो होतो. खटला मागे घेतला गेला, हा कोर्टाचा हुकूम. एवढे सांग आणि गप्प बस."

मसूरच्या स्टेशनावर त्या लहान मुलानेही खरेच सांगितले होते. त्याच्या हातात तेव्हा कायद्याचा एकही कागद नव्हता. पुढे त्याच मुलाने कायद्याचा सर्वात मोठा कागद या देशाच्या हातात दिला. त्याच्या लेकरांनी आता मान खाली घालून कुणासमोर उभे राहायचे कारण नाही. भरवशाचे कोण, हे यंत्राने ठरवायचे ते ठरवो. आपण आपले कागद आणि आपली जीभ स्वच्छ ठेवू.

जयभीम!